ताबा सुटला

अपघाताची बातमी आपल्याकडे तीन वाक्यांत आटोपते. भरधाव गाडीवरील चालकाचा ताबा सुटला. गाडी दुभाजकावर, झाडावर, पुलाच्या कठड्यावर किंवा उभ्या ट्रकवर आदळली. इतके जागीच ठार, इतके गंभीर जखमी, पोलिसांनी नोंद केली असून पुढील तपास सुरू आहे. सुरतेत मी रोज सकाळी दोन वर्तमानपत्रं वाचतो, एक मराठी आणि एक गुजराती. गुजरातीतही तेच असतं, फक्त तिथे ‘काबू गुमावतां’ लिहितात. तीस वर्षं वाचतो आहे. पुढील तपासाचं पुढे काय झालं, हे वाचल्याचं मला आठवत नाही.

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा डिंडोलीहून घरी आला. बाइक खाली लावून वर आला तेव्हा हेल्मेट कोपरात अडकवलेलं होतं. सुरतेत हेल्मेटची ती ठरलेली जागा आहे. चौक आला, पोलीस दिसला, की ते कोपरातून डोक्यावर चढतं. चहा होईपर्यंत त्यानं मला मोबाइलवर एक जुनी शर्यत दाखवली. अमेरिकेत फ्लोरिडातला डेटोनाचा ट्रॅक, १८ फेब्रुवारी २००१. शेवटच्या फेरीतलं शेवटचं वळण. तिसऱ्या क्रमांकावर पळणारी एक काळी गाडी किंचित खाली हलते, मग एकदम उजवीकडे वर चढते, वाटेत दुसऱ्या एका गाडीला घेऊन भिंतीला लागते आणि दोन्ही गाड्या उतारावरून घसरत खाली गवतावर येऊन थांबतात. आग लागत नाही, कोलांट्या होत नाहीत. त्याच शर्यतीत थोड्या वेळापूर्वी टोनी स्टुअर्ट नावाच्या ड्रायव्हरची गाडी हवेत उडून उलटीपालटी झाली होती, अठरा गाड्या एकमेकींवर चढल्या होत्या, आणि तो किरकोळ दुखापतीवर सुटला होता. काळ्या गाडीतला माणूस मात्र गेला.

“मामा, एवढ्यानं माणूस मरतो?” भाच्यानं विचारलं.

त्याचा प्रश्न पोलिसी पंचनाम्यापेक्षा चांगला होता. त्याचं उत्तर शोधताना मला त्या माणसाची सगळी कथा वाचावी लागली, आणि ती वाचताना सुरतेतली माझी दोन्ही वर्तमानपत्रं सारखी आठवत राहिली.

त्याचं नाव डेल अर्नहार्ट. जन्म २९ एप्रिल १९५१, नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या कॅनापोलिस गावी. हे गाव कापडाचं. कॅनन मिल्स या एका कंपनीनं वसवलेलं, टॉवेल आणि चादरींसाठी नावाजलेलं. घरं गिरणीची, दुकानं गिरणीची. अर्नहार्टचं घर ज्या वस्तीत होतं तिथल्या गल्ल्यांना मोटारींच्या प्रकारांची नावं होती, सेडान, कोच अशी. लोक तिला ‘कार टाउन’ म्हणत. बाप राल्फ गिरणीत कामाला होता. गिरणीच्या पगारात भागत नाही म्हणून तो मातीच्या ट्रॅकवर गाड्या पळवू लागला आणि १९५६ साली आपल्या वर्गात देशाचा विजेता झाला. १९७३ साली, गाडीचं काम करता करताच हृदयविकारानं गेला, ४५व्या वर्षी. डेलनं शाळा नववीत सोडली होती.

माझं आयुष्य रिंग रोडच्या कापड बाजारात मेहताजीगिरी करण्यात, म्हणजे हिशेबाच्या वह्या लिहिण्यात गेलं. अमळनेरहून आलो तेव्हा लिंबायतच्या ज्या गल्लीत राहिलो, तिथे रात्रभर लूमचा खडखडाट भिंतीतून यायचा. त्यामुळे कॅनापोलिस मला परकं वाटलं नाही. नववीत शाळा सोडलेली आणि हातात पाना आला की शहाणी होणारी पोरं आमच्या उधन्यात गल्लीगल्लीत आहेत. फरक एवढाच की त्या पोरांना पळायला तिथे ट्रॅक होता. आमच्याकडे डुमस रोड आहे.

अर्नहार्ट १९७५ साली मोठ्या मालिकेत उतरला. ही नॅस्कारची कप मालिका: दिसायला रस्त्यावरच्या मोटारींसारख्या, पण आतून सगळ्या बदललेल्या गाड्यांची. १९७९ साली त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि पुढच्याच वर्षी मालिकेचं विजेतेपद. मग १९८६, १९८७, १९९०, १९९१, १९९३, १९९४. सात विजेतेपदं, जिंकलेल्या ७६ शर्यती. काळी शेव्हर्ले, दारावर तिरका ३ आकडा. पुढचा वाट देत नसेल तर त्याला मागून हलकेच ढुशी देऊन बाजूला करायचा, म्हणून लोकांनी नाव पाडलं ‘द इंटिमिडेटर’, म्हणजे धाक घालणारा. डेटोनाची ५०० मैलांची शर्यत मात्र त्याला हुलकावणी देत राहिली. विसाव्या प्रयत्नाला, १९९८ साली, ती जिंकली, तेव्हा प्रतिस्पर्धी संघांची माणसं ओळीनं उभी राहिली आणि त्यानं खिडकीतून हात काढून एकेकाचा हात हातात घेतला. गिरणीतल्या माणसांना तो आपला का वाटत असे, ते या एका दृश्यावरून कळतं. तो जिंकला की गिरणीत रात्रपाळी करणारा माणूस जिंकत असे.

(त्या गिरणीचं पुढे काय झालं, हे कापडवाल्यानं सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. मालक बदलत बदलत ती पिलोटेक्स नावाच्या कंपनीकडे गेली आणि ३० जुलै २००३ रोजी एका दिवसात बंद पडली. एकट्या कॅनापोलिसमध्ये चार हजारांहून अधिक माणसं घरी बसली. ज्यांनी १९८२च्या संपानंतरचं मुंबईचं गिरणगाव पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको.)

आता भाच्याचा प्रश्न. एवढ्यानं माणूस कसा मरतो?

अर्नहार्टची गाडी ताशी सुमारे २५० किलोमीटरनं काँक्रीटच्या भिंतीला लागली, पण तिरकी. चौकशीत निघालं की त्या धडकेत गाडीच्या वेगात एकदम फरक पडला तो ताशी सत्तरेक किलोमीटरचा. सत्तर! उधना-मगदल्ला रोडवर रात्री साडेअकराला कुठलीही बाइक सत्तरनं जाते. काँक्रीट मागे सरत नाही, त्यामुळे हा सगळा फरक डोळ्याचं पातं लवायच्या आत पडला. धड पट्ट्यांनी सीटला जखडलेलं होतं, ते थांबलं. डोकं मोकळं होतं, ते पुढे गेलं. पाच किलोचं डोकं आणि वर हेल्मेटचं वजन. कवटीचा तळ, जिथे ती मानेवर बसते, तिथेच तडकला. बाहेरून काही दिसत नाही. माणूस संपलेला असतो.

हे सगळं आज दोन वाक्यांत सांगता येतं. पण त्या दिवशी ते कुणालाच नको होतं. लोकांना माणूस हवा होता. टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवलेल्या चित्रात स्टर्लिंग मार्लिन या ड्रायव्हरची गाडी काळ्या गाडीला निसटती लागलेली दिसत होती. झालं. मार्लिनला जिवे मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या. ज्या दोघांसाठी अर्नहार्ट मागे राहून वाट अडवत होता, ती शर्यत जिंकलेला मायकल वॉल्ट्रिप आणि दुसरा आलेला त्याचा स्वतःचा मुलगा, त्या दोघांना जाहीरपणे सांगावं लागलं की मार्लिनचा काही दोष नाही. पाच दिवसांनी, २३ फेब्रुवारीला, नॅस्कारनं दुसरा धागा दिला: कमरेचा डावा पट्टा तुटलेला सापडला. मग मार्लिन सुटला आणि पट्टे बनवणारा बिल सिम्पसन सापडला. त्यालाही धमक्या. पट्टा आपण सांगितलेल्या रीतीनं बसवलेला नव्हता, असं तो म्हणत राहिला, आणि त्याच उन्हाळ्यात स्वतःच उभारलेल्या कंपनीतून बाहेर पडला.

पट्ट्याचं मला खास वाटलं, कारण पट्टा शेवटी विणलेलं कापडच. तो बकलात एका बाजूला गोळा झाला की सगळा ताण एका किनारीवर येतो आणि धागे ओळीनं तुटत जातात. हे मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. लूमवर ताण्याची एक बाजू जास्त खेचली गेली की किनारीच्या तारा अशाच एकामागून एक जातात. कारागीर मशीन थांबवतो, वाकून किनार बघतो, बीम बघतो. मशीनवरचा ताबा सुटला, असं तो शेठला सांगत नाही. सांगितलं तर शेठ त्याला विचारेल, तार का तुटली?

अमेरिकेत हा प्रश्न सरकारनं विचारला नाही आणि नॅस्कारनंही आपण होऊन विचारला नाही. तो लावून धरला ‘ऑर्लँडो सेंटिनेल’ नावाच्या वर्तमानपत्रानं. फ्लोरिडात तेव्हा शवविच्छेदनाचे फोटो सार्वजनिक दस्तऐवज होते. पेपरनं म्हटलं, आम्हाला ते छापायचे नाहीत, वैद्यकीय तज्ज्ञाला दाखवायचे आहेत. अर्नहार्टची विधवा न्यायालयात गेली, आणि तिच्या जागी असतो तर मीही गेलो असतो. गिधाडं म्हणून लोकांनी पत्रकारांना शिव्या घातल्या. राज्यानं दीड महिन्याच्या आत घाईनं कायदा करून असे फोटो बंद केले. पण दोन्ही पक्षांत तडजोड झाली आणि ड्यूक विद्यापीठाचे बॅरी मायर्स यांना फोटो एकदाच पाहू दिले गेले. त्यांनी एप्रिलमध्ये सांगितलं की पट्टा तुटला असता काय, नसता काय, डोकं धडापासून पुढे हिसकलं गेलं हेच मरणाचं कारण. त्यानंतर ऑगस्टमध्ये नॅस्कारचा अहवाल आला. त्यात दुसऱ्या गाडीची धडक, भिंतीला लागण्याचा कोन आणि पट्टा अशी तिन्ही कारणं एकत्र मांडली होती. पण तोवर मान हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला होता.

मला हे प्रकरण अवघड वाटतं, अजूनही. बाईचं दुःख खरं होतं. पेपरचा हेतू शंभर टक्के शुद्ध होता असंही मी म्हणणार नाही; मोठ्या माणसाचं मरण खपतं. तरीही पारडं कुठे झुकतं ते मला माहीत आहे. त्या फोटोंकडे एका जाणत्या माणसानं पाहिलं नसतं, तर सगळा दोष एका पट्ट्यावर जाऊन बसला असता आणि सगळ्यांच्या माना मोकळ्याच राहिल्या असत्या.

यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट वेगळीच आहे. मान वाचवायचं साधन तेव्हा बाजारात होतं. १९८१ साली पॅट्रिक जाकमार नावाचा ड्रायव्हर चाचणीत असाच गेला, तेव्हा त्याचा मित्र जिम डाउनिंग, जो स्वतः शर्यती खेळायचा, त्यानं आपला मेहुणा रॉबर्ट हबर्ड याला विचारलं. हबर्ड मिशिगनमध्ये प्राध्यापक होता आणि धडकेत शरीराचं काय होतं हाच त्याचा विषय. दोघांनी ‘हान्स’ बनवलं: खांद्यावर बसणारी एक टणक कॉलर, वरून सीटचे पट्टे, आणि कॉलरपासून हेल्मेटला दोन दोऱ्या. धड थांबलं की डोकंही थांबतं. दिसायला बैलाच्या जुवासारखं. २००० सालापर्यंत त्याचे अडीचशे नगसुद्धा खपले नव्हते. आणि त्या वर्षात एकट्या नॅस्कारमध्ये तीन तरुण याच जखमेनं गेले. मे महिन्यात १९ वर्षांचा अॅडम पेटी, जुलैत त्याच ट्रॅकच्या त्याच वळणावर केनी अर्विन, ऑक्टोबरात टोनी रोपर. सुमारे पाच महिन्यांत तिघं गेले आणि नियम बदलला नाही. ड्रायव्हर म्हणत, अडचण होते, मान वळत नाही. अर्नहार्ट तर त्या वस्तूला गळफास म्हणायचा, असं सांगतात. तो समोरून उघडं हेल्मेट घालायचा आणि वेगाची तक्रार करणाऱ्यांना घरी बसा म्हणायचा. चौथ्या मरणाची पाळी त्याच्यावर आली, तेव्हा जग हललं. तेही लगेच नाही. ऑक्टोबर २००१ मध्ये शार्लटच्या ट्रॅकवर ब्लेझ अलेक्झांडर गेला, त्यानंतर दोन आठवड्यांनी नॅस्कारनं हे साधन सक्तीचं केलं.

मोठा माणूस गेल्याशिवाय भिंतीकडे बघायचं नाही, ही रीत काही एकट्या अमेरिकेची नाही. ४ सप्टेंबर २०२२, रविवार. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री उदवाड्याहून मुंबईला परतत होते. तिथल्या इराणशाह या पवित्र अग्नीचं दर्शन घेऊन मुंबईकडे जाणाऱ्या पारशी गाड्या हा आमच्या महामार्गाचा रविवारचा नेम आहे. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर गाडी कठड्याला धडकली. पुढचे दोघं गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या सीटवर बेल्ट न लावता बसलेले मिस्त्री आणि जहांगीर पंडोल गेले. गाडीत बसवलेल्या यंत्रणेतून कंपनीनं माहिती काढून दिली: धडकेच्या पाच सेकंद आधी वेग १००, ब्रेक दाबला, आदळताना ८९. आपल्या देशात एका अपघाताची इतकी नेमकी माहिती सामान्य वाचकापर्यंत पहिल्यांदाच आली असावी. पाठोपाठ हेही छापून आलं की तिथे तीन पदरी रस्ता पुलावर दोन पदरी होतो आणि पुलाचा कठडा वाटेत पुढे आलेला आहे; घोडबंदर ते दापचरी या शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यात त्याच वर्षी तोवर ६२ माणसं मेली होती.

६२! त्यांच्यासाठी कुणी यंत्रातला वेग वाचला नव्हता. कठडा तेव्हाही तिथेच होता.

मग देशभर मागच्या सीटच्या बेल्टची चर्चा झाली. तो लावण्याचा नियम आधीपासून होता, हे बहुतेकांना तेव्हाच कळलं. त्या वर्षी भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली १६,७१५ बेल्ट नसलेली, ५०,०२९ हेल्मेट नसलेली. आणि याच काळात आपल्या बाजारात एक वस्तू चालत होती: बेल्टच्या खाचेत खोचायचं नुसतं धातूचं जिभेसारखं बकल. ते खोचलं की गाडी समजते बेल्ट लावला, आणि ‘टिंग टिंग’ थांबते. २०२३ साली केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणानं ऑनलाइन दुकानांना त्याची विक्री बंद करायला लावली. माझ्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याच्या गाडीत ते अजून आहे, वर लाल कापडात बांधलेलं लिंबू आणि खाली हे. लिंबाचं मी समजू शकतो.

इथे कुणी म्हणेल, मेहताजी, तुम्ही चालकाला सोडवायला निघालात की काय? मुळीच नाही. २०२३च्या जुलैत अहमदाबादच्या इस्कॉन पुलावर एका भरधाव मोटारीनं आधीच्या अपघाताभोवती जमलेल्या गर्दीतली नऊ माणसं मारली. २०२४च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेनं दोघांना उडवलं आणि अल्पवयीन चालकाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला. चीड आली नाही असा मराठी माणूस विरळा. अशांना शिक्षा व्हायलाच हवी. पण शिक्षा मागणं आणि कारण शोधणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीच्या गलक्यात आपण दुसरी विसरतो. अर्नहार्टच्या चाहत्यांनी मार्लिनच्या नावानं शंख केला, तोही न्यायाच्या भावनेनंच. मार्लिनला फाशी दिली असती तरी भिंत काँक्रीटचीच राहिली असती.

आणि वेडाचं म्हणाल, तर वेगाचं वेड लेक्चरनं जात नाही. आमच्याकडे शंकरपट आहेत, बैलगाड्यांच्या शर्यती आहेत. २०१४ साली त्या बंद झाल्या आणि पुन्हा सुरू होईपर्यंत गावोगावच्या माणसांनी कोर्टाचा उंबरा झिजवला. सुरतेत २०२५च्या डिसेंबरात बाइकचे व्हिडिओ टाकणारा अठरा वर्षांचा एक मुलगा गेला, हेल्मेट नव्हतं. त्याच शहरात त्याच वर्षीच्या फेब्रुवारीपासून हेल्मेटची कडक अंमलबजावणी सुरू होती. आणि त्याआधी, डिसेंबर २०१९ मध्ये, गुजरात सरकारनं शहरांत हेल्मेट ऐच्छिक आहे म्हणून जाहीर केलं होतं. नंतर ते मागे घ्यावं लागलं. सरकारच हेल्मेट कोपरात अडकवून फिरत असेल, तर माझ्या भाच्याला मी काय सांगणार?

तिकडे अमेरिकेतल्या ट्रॅकवरही वेड कमी झालं नाही. आजूबाजूचं सगळं बदललं. नेब्रास्का विद्यापीठात डीन सिकिंग यांच्या गटानं मऊ भिंत तयार केली: बाहेरून पोलादी नळ्या, आत फोमचे ठोकळे, मागे जुनं काँक्रीट. गाडी लागली की भिंत थोडी आत जाते आणि जो फटका माणसाच्या मानेला बसायचा तो फोम घेतो. ती मे २००२ मध्ये इंडियानापोलिसच्या ट्रॅकवर पहिल्यांदा बसली. गाड्यांत नोंद ठेवणारी पेटी बसली. सीट बदलली. आणि तरीही फट राहिलीच: २०१५ साली डेटोनातच काइल बुश जिथे मऊ भिंत नव्हती नेमका तिथे जाऊन धडकला आणि त्याचा पाय मोडला, तेव्हा उरलेल्या भिंती मढवल्या गेल्या. २००१ नंतर कप मालिकेच्या शर्यतीत एकही ड्रायव्हर दगावलेला नाही. १७ फेब्रुवारी २०२० रोजी त्याच डेटोनात, शेवटच्याच फेरीत, रायन न्यूमनची गाडी भिंतीला लागून हवेत उडाली आणि दुसरी गाडी थेट तिच्या दाराच्या बाजूला घुसली. ते चित्र अर्नहार्टच्या चित्राच्या दसपट भयंकर आहे. दोन दिवसांनी न्यूमन दोन्ही मुलींचे हात धरून रुग्णालयातून चालत बाहेर आला.

भारतीय ट्रॅकही मरणापासून सुटलेला नाही. जानेवारी २०२३ मध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर ५९ वर्षांचे के. ई. कुमार गेले, गाडी उडून छतावर पडली. त्याच ऑगस्टमध्ये तिथेच बंगळुरूचा श्रेयस हरीश गेला, मोटरसायकलच्या शर्यतीत. वय १३. तेरा वर्षांच्या मुलाबद्दल लिहिताना माझा हात थांबतो, तेव्हा इथे थांबतो.

शर्यत आणि रस्ता सोडा, सुरतेला मरणाची किंमत एका आगीतूनही कळायला हवी होती. २४ मे २०१९, सरथाण्याची तक्षशिला इमारत, वरच्या मजल्यावरचे क्लास, २२ मुलं गेली. अग्निशमन दलाची शिडी पोचली नाही आणि पोरं खाली उड्या टाकत होती, ते साऱ्या देशानं पाहिलं. आठवडाभर राज्यभर तपासण्या झाल्या, क्लासना टाळी लागली, नोटिसा निघाल्या. बरोबर पाच वर्षं आणि एक दिवसानं, २५ मे २०२४ रोजी, राजकोटच्या टीआरपी गेम झोनला आग लागली आणि २७ माणसं गेली. तिथे छोट्या मोटारींची शर्यत होती, गो-कार्टिंग. त्या मोटारींसाठी साठवलेल्या इंधनानं आग भडकली. अग्निसुरक्षेच्या परवानगीचा पत्ता नव्हता. आपण धावपळ करतो, पण मोजून, लिहून, पुढच्या माणसाच्या हाती काही ठेवत नाही. मेहताजी म्हणून सांगतो, ज्या धंद्यात तुटफूट वहीत चढत नाही, त्या धंद्याला दरवर्षी तोच तोटा येतो.

आमच्या खानदेशी माणसांचा रस्ता सुरत-धुळे. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, मग कोंडाईबारी घाट. लग्न, दहावं, यात्रा, दिवाळी, सगळं त्या रस्त्यानं. २०२०च्या ऑक्टोबरात मलकापूरहून सुरतेला येणारी खासगी बस त्या घाटात रात्री दरीत कोसळली, पाच गेले. ताबा सुटला होता. १९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्री सुरत जिल्ह्यात कीमजवळ उसानं भरलेल्या ट्रॅक्टरला धडकलेला ट्रक रस्त्याच्या कडेला झोपलेल्या मजुरांवर गेला. पंधरा गेले, बहुतेक राजस्थानातल्या बांसवाड्याचे. तिथेही ताबाच सुटला होता. उसाची मोळी ट्रॅक्टरच्या दोन्ही अंगांनी किती बाहेर आलेली असते, रात्री मागे दिवा असतो का, आणि रस्ता बांधायला आलेली किंवा घर बांधायला आलेली माणसं रस्त्याच्या कडेलाच का झोपतात, हे त्या तीन वाक्यांत मावत नाही.

भाच्याला मी त्या दिवशी एवढंच सांगितलं की मरण वेगात नव्हतं, थांबण्यात होतं. तो म्हणाला, “मामा, मग भिंत मऊ करा ना.” हसून म्हणाला. जाताना त्यानं हेल्मेट घातलं, माझ्यासाठी असेल कदाचित; मी गॅलरीतून बघत होतो. गल्लीचं वळण संपेपर्यंत तरी ते डोक्यावर होतं.

संपादकांना, मराठी आणि गुजराती दोन्ही, माझी एक मागणी आहे. त्यासाठी शवविच्छेदनाचे फोटो लागत नाहीत, कोर्टात जावं लागत नाही. गावोगावच्या वार्ताहरांना सांगा: ‘चालकाचा ताबा सुटला’ लिहायचं असेल तर लिहा, पण त्याच्या खाली आणखी एक ओळ लिहा. गाडी कशावर आदळली, ती वस्तू तिथे कुणी उभी केली, आणि आधी त्याच जागी किती माणसं मेली.